बॉनेट बंद ठेवून गळती थांबत नाही

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की हल्ली चारचौघांत एकच सल्ला मिळतो : हात लावू नका, गाडी सर्व्हिस सेंटरला टाका. सल्ला देणारे आपल्या भल्याचंच बोलत असतात. त्यांचं म्हणणं साधारण असं : आजच्या गाड्या इलेक्ट्रॉनिक आहेत, सामान्य माणसाला त्यातलं कळणार नाही, घरच्या दुरुस्तीत हात भाजतात, बोल्टचे आटे जातात, प्रसंगी जीवही जातो, वॉरंटी जाते ती वेगळीच. तेव्हा मालकाने गाडी चालवावी, धुवावी, हप्ते भरावेत आणि बॉनेटखालचं सगळं जाणकारांवर सोपवावं.

या मताला माझा विरोध आहे. प्रत्येक काम घरी करावं असं मी म्हणत नाही. घरी कदापि करू नयेत अशी कामं कोणती, तेही पुढे सांगणार आहे. पण इंजिनातून काय गळतंय, कुठून गळतंय आणि किती गळतंय हे पाहणं मालकाचं काम आहे. साध्या गळत्या बंद करणं त्याच्या आवाक्यात आहे. त्याला या सगळ्यापासून दूर ठेवल्याने नुकसान टळत नाही, उलट वाढतं.

पहिला मुद्दा इलेक्ट्रॉनिक्सचा. गाडीत संगणक आहे हे खरं, पण तो तेलाचा थेंब पाहत नाही. डॅशबोर्डवरचा तेलाच्या बुधलीचा लाल दिवा बहुसंख्य छोट्या गाड्यांमध्ये तेलाची पातळी दाखवत नाही, तो तेलाचा दाब दाखवतो. पंप तेलाऐवजी हवा ओढू लागला आणि दाब जवळजवळ नाहीसा झाला की तो पेटतो. चालत्या गाडीत तो पेटला याचा अर्थ क्रँकच्या बेअरिंगना तेल मिळणं थांबलं आहे. तिथून इंजिन सीझ व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणजे ज्या दिव्याच्या भरवशावर मालकाला निर्धास्त राहायला सांगितलं जातं, तो सगळ्यात शेवटी बोलतो. सगळ्यात आधी बोलते ती डिपस्टिक. तिच्या टोकाला पिवळी किंवा केशरी कडी असते, कारण ती मालकाच्या हाताला सहज सापडावी अशी कंपनीचीच इच्छा असते. गाडीसोबत मिळणारं मॅन्युअल उघडून बघा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून तेलाची पातळी कशी तपासायची हे त्यात मालकासाठीच लिहिलेलं असतं. ‘हात लावू नका’ हा नियम गाडी बनवणाऱ्याने घातलेला नाही, तो आपण घालून घेतला आहे.

बरं, सामान्य माणसाला कळणार नाही असं त्यात आहे तरी काय? रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी निम्मं निदान समोर असतं. एसी चालवल्यावर पुढे, बहुधा डाव्या बाजूला, स्वच्छ बिनवासाचं पाणी ठिबकलं तर ते एसीचं पाणी. काळजीचं कारण नाही. सोनेरी ते काळपट, बोटांना बुळबुळीत लागणारं असेल तर इंजिन ऑइल. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवं, गुलाबी, निळं किंवा नारिंगी आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. फिकट पिवळं, पातळ, चाकाच्या आतल्या बाजूला ओघळलेलं असेल तर ब्रेक ऑइल, आणि मग गाडी तिथून हलवायची नाही. एवढं ओळखायला पदवी लागत नाही. लक्ष लागतं.

लक्षाची किंमत किती ते पुढच्या गोष्टीवरून कळावं. ठिबकतं तिथेच गळती असते असं नाही. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग उष्णतेने कडक झालं की तिथून निसटलेलं तेल इंजिनाच्या अंगावरून खाली उतरतं. गाडी धावताना वारा ते मागे ढकलतो. शेवटी ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीच्या, कडेवर जमून तिथून पडतं. वरवर पाहणारा चेंबरच्या पॅकिंगला दोष देतो, ते बदलतो, आणि गळती तशीच राहते. शोधायची रीत सोपी आहे. इंजिनाचा तेलकट भाग गार असताना पुसून कोरडा करायचा, थोडं अंतर गाडी चालवायची आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यायचं. सगळ्यात वरचा ओला भाग हाच उगम. यासाठी गाडीखाली जावं लागत नाही, एक बोल्टही फिरवावा लागत नाही. गर्दीच्या गॅरेजमध्ये हे पुसणं आणि वाट पाहणं बहुतेकदा होत नाही, कारण मागे दहा गाड्या उभ्या असतात. मालकाकडे मात्र रविवारची सकाळ असते.

दुसरा मुद्दा अपघातांचा. तो सगळ्यात वजनदार आहे, त्याला बगल देणार नाही. घरच्या दुरुस्तीत अपघात होतात, हे मान्य. पण ते कोणते? नेहमीचे पाच-सहाच आहेत, प्रत्येकाचं कारण माहीत आहे आणि प्रत्येकाला प्रतिबंध आहे.

गरम रेडिएटरचं झाकण उघडणं हा त्यातला सगळ्यात क्रूर. रेडिएटरचं झाकण आतल्या द्रवाला हवेच्या दाबापेक्षा सुमारे एक बार जास्त दाबाखाली धरून ठेवतं. त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण फिरवताच दाब संपतो, आणि शंभरीच्या वर तापलेल्या द्रवाची क्षणात वाफ होऊन ती तोंडावर येते. कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या चढावर तापलेली गाडी कडेला घेऊन, बाटली हातात धरून झाकणाशी झटणारा माणूस कुणी पाहिला नाही? त्याला हा नियम कोणी शिकवलेला नसतो, म्हणून तो भाजतो. वरचा होज हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबायचं; हे एक वाक्य माहीत असेल तर तो भाजत नाही. आणि हा अपघात घरच्या हौशी दुरुस्तीपेक्षा रस्त्यावरच जास्त होतो, तोही बहुधा ज्याने कधी बॉनेट उघडलेलं नाही त्याच्याच हातून.

दुसरा अपघात चेंबरच्या बोल्टचा. तेल बदलताना तो जास्त आवळला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि मग थेंब थेंब गळत राहतं. छोट्या पेट्रोल गाडीत या बोल्टला साधारण ३५ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे १४ किलोचा जोर, एवढाच त्याचा अर्थ. अंगातली सगळी ताकद लावायची ही जागा नव्हे. बोल्टखालचं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर दर वेळी नवं घालायचं, म्हणजे तो उगाच आवळत बसावा लागत नाही. आणि आटे काय फक्त घरीच जातात? हवेच्या गनने कर्रकन आवळलेला बोल्ट ज्याने पुढच्या वेळी सोडवून पाहिला आहे, त्याला याचं उत्तर माहीत आहे.

तिसरा ऑइल फिल्टरचा. जुना फिल्टर काढताना त्याचं रबरी पॅकिंग कधीकधी इंजिनाला चिकटून राहतं. त्यावरच नवा फिल्टर बसवला की दोन पॅकिंग एकावर एक येतात. उभ्या गाडीत ते टिकल्यासारखं वाटतं; इंजिनाने वेग घेतला आणि तेलाचा दाब वाढला की वरचं पॅकिंग सरकतं आणि तीन लिटर तेल काही मिनिटांत रस्त्यावर येतं. टाळायचं कसं? जुन्या फिल्टरच्या तोंडाशी पॅकिंग आहे ना हे पाहायचं, बसायची जागा फडक्याने पुसायची, नव्या पॅकिंगला ताजं तेल लावायचं, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळायचं. मग इंजिन सुरू करून खाली नजर टाकायची. बस्स.

चौथा सिलिकॉनचा. पॅकिंगच्या जागी ट्यूब पिळून जाड थर दिला की बाहेर जेवढा फुगतो तेवढाच तो आतही फुगतो. आतला तुकडा तुटून चेंबरमध्ये पडतो आणि पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतो. बाहेरची गळती थांबते आणि आतला पुरवठा बंद होतो. टॅपेट कव्हरला रबरी पॅकिंग असेल तर सिलिकॉन फक्त मॅन्युअल सांगतं तेवढ्या कोपऱ्यांवर लावायचं. आणि जुनं कडक पॅकिंग तसंच ठेवून नुसते बोल्ट आवळायचे नाहीत. त्याने कव्हर वाकतं.

पाचवा जॅकचा, आणि इथे मी विरोधकांपेक्षाही कडक आहे. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालायचा नाही. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक भाराखाली न सांगता फुटतात. तेही चालणार नाहीत. टणक सपाट जमीन, दोन्ही बाजूंना जॅक-स्टँड, टेकलेल्या चाकांना पुढे-मागे दगड, हँडब्रेक ओढलेला. यातलं एक जरी जमत नसेल तर खाली जायचं नाही. गाडी रॅम्पवर चढवणाऱ्या माणसाकडे न्यायची. त्यात कमीपणा काही नाही.

हे सगळे अपघात एकत्र ठेवून पाहा. एकही असा नाही की जो सामान्य माणसाच्या हातून होणारच होता. प्रत्येक ठिकाणी एक नियम मोडला गेला आहे आणि बहुतेक ठिकाणी तो नियम मोडणाऱ्याला माहीतच नव्हता. विहिरीत माणसं बुडतात म्हणून आपण पोरांना पोहायला शिकवतो. मग गाडीच्या बाबतीतच अज्ञान हा सुरक्षिततेचा उपाय कसा ठरतो?

उलट ‘हात लावू नका’ या शिकवणुकीतूनच सगळ्यात वाईट दुरुस्त्या जन्माला येतात. ज्याला शोधणं शिकवलं नाही तो झाकणं शिकतो. रेडिएटर गळतो म्हणून त्यात हळद टाकणारे चालक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हळद भोक बुजवते हे खरं, पण तिला भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही बुजवते, आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा तापते. बाटलीतून मिळणारी गळतीबंद औषधंही याच तत्त्वावर चालतात आणि हीटरच्या नळ्या चोंदवतात. पेट्रोलच्या टाकीला साबण घासणं, चिरलेल्या चेंबरला एम-सील थापणं ही त्याच घरातली भावंडं. वाटेत अडकलेल्या माणसाला गावापर्यंत पोचवण्यापुरतं यातलं काही समजून घेता येईल. पण ज्याला गळतीचं मूळ पाहता येत नाही, तो त्यालाच दुरुस्ती समजून पुढची हजारो किलोमीटर गाडी चालवतो. कूलंट कमी झालं म्हणून बोअरचं जड पाणी ओतत राहणाराही असाच. त्या पाण्यातले क्षार आत थर धरतात आणि गंज पोसतात. कूलंट दर आठवड्याला कमी का होतंय, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. बाहेर कुठेच ओल नाही, डिपस्टिकवर दुधट फेस आहे, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर हेड पॅकिंग गेलं आहे. हे ज्याला कळतं तो गाडी त्याच दिवशी बंद करतो. ज्याला कळत नाही तो पाणी भरत राहतो आणि शेवटी हेड वाकवतो.

कारण शोधण्याची ही सवय मेकॅनिकशी बोलतानाही उपयोगी पडते. एक ऑइल सील बदललं, काही महिन्यांनी पुन्हा गळू लागलं. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. पुष्कळदा दोष सीलचा नसतो. इंजिनाच्या पोटात पिस्टनच्या कडेने निसटलेले वायू साचतात. ते बाहेर काढून पुन्हा जाळायला पाठवणारा पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो काजळीने चोंदला की आतला दाब वाढतो आणि सगळ्यात कमकुवत सीलमधून तेल बाहेर ढकलतो. डिपस्टिकच्या कमाल खुणेच्याही वर तेल भरलं तरी तेच : फिरता क्रँक त्या तेलाला घुसळून फेस करतो आणि सीलवर भार येतो. ‘पीसीव्ही तपासलात का?’ एवढं विचारणारा ग्राहक प्रामाणिक मेकॅनिकला आवडतोच. अडचण होते ती फक्त न तपासता बिल करणाऱ्याची. घरी काम करणारे मेकॅनिकच्या पोटावर पाय आणतात, हा आक्षेप मला म्हणूनच पटत नाही. समंजस ग्राहक चांगल्या कारागिराचा आधार असतो.

आता वॉरंटी. गाडी वॉरंटीत असताना मालकाने काही उघडू नये, हे मलाही मान्य आहे. दोष दाखवावा, लेखी नोंद घ्यावी आणि काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून करून घ्यावं. पण ‘बाहेर हात लागला की वॉरंटी संपली’ हे सरसकट सांगणं चुकीचं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू न देण्याच्या पद्धतीवर त्यात ठपका होता. बाहेर काम केलं म्हणून सगळी वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, अशी आयोगाची भूमिका होती. कंपन्या पुढे अपिलात गेल्या. पण त्यामागचा विचार मागे पडलेला नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केलं. त्यातल्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत. वस्तू विकत घेणाऱ्याला ती उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे, या दिशेने धोरण चाललं आहे. आपणच मागे का राहायचं?

विम्याचा भाग तर कोणी सांगतच नाही. उंच गतिरोधकावर किंवा दगडावर चेंबर आपटून फुटलं तर साधी पॉलिसी चेंबरचा खर्च देईल. पण तेल निथळत असताना गाडी तशीच चालवली आणि इंजिन सीझ झालं, तर ते परिणामजन्य नुकसान मानून साध्या पॉलिसीत नाकारलं जातं; त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. म्हणजे ठप्प आवाज झाल्यावर गाडी बाजूला घेऊन खाली वाकून पाहणारा माणूस आणि पुढे निघून जाणारा माणूस यांच्यात अख्ख्या इंजिनाच्या किमतीचा फरक पडतो. वाकून पाहायचं हे ज्याला कोणी कधी शिकवलं नाही, त्याला पुढे निघून गेल्याचा दोष कसा द्यायचा?

आता सीमा. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि त्यानंतरही खरी विद्या गॅरेजमध्ये हात काळे करूनच येते. त्या विद्येचा मान राखून सांगतो : ब्रेकची लाइन, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर घरी उघडायचे नाहीत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. त्यात चुकून इंजिन ऑइल पडलं तर रबरी सील फुगतात आणि ब्रेक जातात. इथली चूक आपल्याला एकट्याला भोवत नाही, रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसालाही भोवते. पेट्रोलची गळती, टायमिंग बेल्ट, हेड पॅकिंग, एअरबॅग, एसीचा गॅस, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या नारिंगी केबल : ही सगळी कामं जाणकाराचीच. घरची म्हणून उरतात ती पातळी तपासणं, गळती शोधणं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, गार इंजिनावर सैल झालेली होजची क्लिप किंवा तडकलेला सोपा होज बदलणं आणि सोय असेल तर तेल-फिल्टर. यादी छोटी आहे, पण वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहून इंजिनं मारणाऱ्या गळत्या बहुतांशी हिच्यातच असतात.

आणि एक जबाबदारी, जिच्याबद्दल घरी काम करणाऱ्यांनाच खडसावायला हवं. काढलेलं काळं तेल गटारात, नाल्यात किंवा झाडाच्या मुळाशी ओतायचं नाही. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. वाळवीसाठी दाराला फासायला किंवा सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला ते वाटण्याची आपली जुनी रीतही सोडायला हवी, कारण त्यात धातूचे कण आणि ज्वलनाचे अवशेष असतात. ते बंद कॅनमध्ये भरून, अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे तेल देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्यायचं. सांडलेलं कूलंट लगेच पुसून धुऊन काढायचं. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक आहे. सोसायटीच्या आवारातलं कुत्रं किंवा लहान मूल त्याने दगावू शकतं. ज्याला हे जमणार नाही त्याने तेल बदलण्याच्या भानगडीत पडू नये. तेलाच्या विल्हेवाटीचा आक्षेप मात्र मी विरोधकांकडून जसाच्या तसा स्वीकारतो.

बाकीचे स्वीकारता येत नाहीत. घरातली मुलंमुली गाडी चालवायला शिकतात तेव्हा त्यांना क्लच आणि आरसे शिकवले जातात. डिपस्टिक कुठे आहे, कूलंटची टाकी कोणती, लाल दिवा पेटला तर काय करायचं, हे शिकवलं जात नाही. ते ड्रायव्हिंग स्कूलने शिकवावं, आईवडिलांनी शिकवावं. हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : ग्लव्ह बॉक्समधलं मॅन्युअल आज बाहेर काढा, गाडी गार असताना बॉनेट उघडा, तेलाची आणि कूलंटची पातळी पाहा आणि तारखेसह लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा पाहा. पातळी उतरली असेल तर तुमच्या गाडीत गळती आहे किंवा इंजिन तेल जाळतंय. मग तिचं मूळ शोधा. सापडलं तर ठरवा की काम तुमच्या आवाक्यातलं आहे की मेकॅनिकच्या. पण पाहण्याचं काम दुसऱ्या कोणावर टाकू नका.